मदत हवी आहे: मे महिन्यात बाळ येणार, नेमकं काय घ्यावं?

नमस्कार ताई-दादाहो. मी घाटंजी तालुक्यातला, यवतमाळ जिल्हा. बायकोला मेची तारीख आहे, पहिलंच लेकरू. दवाखान्यातून सुट्टी झाली की बाळंतीण आमच्याचकडे राहणार.

दुकानदारानं यादीच हातात ठेवली: बाबागाडी, वॉकर, बाटल्यांचा सेट, पावडर. आमच्या गल्लीत गिट्टी उघडी पडलेली, गाडी चालवू कुठं? बाटली तर बादच. आशाताईंनी बजावलंय, सहा महिने फक्त आईचं दूध, उन्हाळ्यातही वरचं पाणी नाही. आईनं जुन्या सुती लुगड्यांची दुपटी, लंगोट, झबली शिवायला घेतली आहेत, तो खर्च वाचला.

खरी अडचण कूलरची. खोली एकच, झोत सरळ पाळण्यावर येतो. तोंड भिंतीकडे फिरवलं की भिंतीला ओल धरते. बंद ठेवावा तर बाहेर 44-45 अंश. त्यात दुपारी लाइट जाते ते वेगळंच. चार्जिंगचा पंखा कुणी वापरलाय का? भर उन्हाळ्यात तो किती वेळ चालतो, हे वापरणाऱ्यांनीच सांगा, दुकानदार काहीही सांगतात.

मच्छरदाणी छत्रीवाली घ्यावी की पलंगभर मोठी? छत्रीवालीत हवा कोंडते असं मावशी म्हणते. आणि डायपर: घामोळ्यांच्या दिवसांत फक्त दवाखान्यात जाण्यापुरते ठेवले तर चालेल ना?

डिजिटल थर्मामीटर घेणार आहे. काजळ-घुटीवरून घरात आधीच जुंपली आहे, तो विषय इथं नको बाप्पा. बजेट तीन हजारांच्या आत.