निर्यात करारात 'न्यायक्षेत्र सांगली' लिहावं की लवाद?

कृष्णाकाठ:
तासगाव-पलूसची द्राक्षं नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला उतरतात, तिथला आयातदार 'मणी मऊ पडले, देठ सुकले' म्हणून क्लेम लावतो आणि बिलातून पैसे कापतो. अशा वेळी करारातली 'न्यायक्षेत्र सांगली', म्हणजे वाद सांगलीच्या न्यायालयात चालेल, ही ओळ निर्यातदाराला मोठा आधार वाटते. ती काढावी असं माझं ठाम मत आहे. भारत आणि नेदरलँड्स यांच्यात एकमेकांच्या न्यायालयांचे हुकूमनामे बजावण्याचा करार नाही. त्यामुळे इथला हुकूमनामा घेऊन तिथे नव्याने दावा घालावा लागतो. लवादाचा, म्हणजे दोघांनी करारात मान्य केलेल्या तिऱ्हाईताचा, निवाडा मात्र 1958च्या न्यूयॉर्क करारामुळे तिथे बजावता येतो, कारण दोन्ही देश त्यात आहेत. तिथलं न्यायालय तो मोजक्याच कारणांनी नाकारू शकतं.

कोर्टगल्ली:
अर्धंच सांगितलंत. डच न्यायालय परदेशी निकाल कचऱ्यात टाकत नाही. न्यायक्षेत्र मान्य होण्याजोगं असेल, सुनावणी न्याय्य झाली असेल, निकाल त्यांच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध नसेल आणि आधीच्या दुसऱ्या निकालाशी भिडत नसेल, तर वादाची गुणवत्ता ते सहसा पुन्हा उकरत नाहीत. उलट लवाद म्हणजे फी आधी भरा. एका कंटेनरच्या वादाला तो परवडत नाही. हेच जागतिकीकरण पुढे रेटतंय: मोठ्या व्यापाऱ्यांसाठी वेगळा न्याय, बाकीच्यांना जिल्हा न्यायालय. जिल्हा न्यायालयच सक्षम करा, असं का म्हणत नाही कुणी?

कृष्णाकाठ:
म्हणायलाच हवं, पण या हंगामाचा करार आत्ता होतोय. सांगलीत दावा टाकला तर तातडीचा हुकूम मागायचा नसताना व्यापारी न्यायालय कायद्याच्या कलम 12अ प्रमाणे आधी मध्यस्थी सक्तीची. मग परदेशातल्या प्रतिवादीवर समन्स 1965च्या हेग करारातल्या मार्गाने बजावायचं. त्यातच महिने जातात. खर्चाचं म्हणाल तर कलमच नीट लिहा: लवादाचं स्थान मुंबई, निवाडा देणारी व्यक्ती एकच, भाषा इंग्रजी, सुनावणी ऑनलाइन, लवाद कायद्याच्या कलम 29ब ची जलद प्रक्रिया म्हणजे निवाडा 6 महिन्यांत. घोळ होतो तो स्थान न लिहिल्यामुळे, किंवा 'लवाद अथवा न्यायालय' असं दोन्ही लिहिल्यामुळे. मग कुठे जायचं यावरच पहिलं वर्ष संपतं.

मिरजकर:
तुम्ही दोघेही करार पक्क्या विक्रीचा धरून चाललात. बराच माल कन्साइनमेंटवर जातो. तिथे आयातदार खरेदीदार नाही, आपल्या वतीने विकणारा दलाल आहे. त्याने विक्रीचा हिशोब दिला पाहिजे: कोणत्या तारखेला, किती पेट्या, कोणत्या भावाने. ही मागणी करारात नसेल तर निवाडा जिंकूनही किती मागायचं हेच सिद्ध होत नाही.
आणखी एक. डच कायदा लागू असं मान्य केलंत तर पक्क्या विक्रीला आंतरराष्ट्रीय मालविक्रीचा 1980चा व्हिएन्ना करार लागतो, भारत त्याचा सदस्य नसला तरी. त्यात कलम 39 प्रमाणे खरेदीदाराने दोषाची सूचना वाजवी मुदतीत द्यावी लागते, नाहीतर त्याचा हक्क जातो. ते निर्यातदाराच्या फायद्याचं आहे. पण 'वाजवी' वर भांडत बसण्यापेक्षा स्पष्ट लिहा: कंटेनर उघडल्यापासून 48 तासांत फोटो आणि तिऱ्हाईत सर्वेक्षकाचा अहवाल, वाटेतलं तापमान टिपणाऱ्या डेटा लॉगरच्या नोंदीसकट. तापमान वाटेत चढलं असेल तर तो दावा जहाज कंपनीवर जातो, आणि तिथे साधारण 1 वर्षाची मुदत असते.

कोर्टगल्ली:
हे सगळं पटतं, पण शेतकरी यात कुठे आहे? करार निर्यातदार आणि आयातदारात. क्लेमची कपात मात्र शेतकऱ्याच्या पट्टीत (त्याला मिळणाऱ्या पैशांच्या हिशोबात) उतरते, आणि त्या मुंबईच्या लवादात तो पक्षकारच नाही. शेतकऱ्याशी वेगळा लेखी करार हवा: सर्वेक्षणाचा अहवाल दाखवल्याशिवाय कपात नाही, आणि त्या वादासाठी न्यायक्षेत्र सांगलीच.

कृष्णाकाठ:
त्या कराराला माझी हरकत नाही. तो पॅकहाऊसला माल जाण्याआधी, तोडणीपूर्वीच व्हावा. मात्र निर्यातीच्या करारात सांगली लिहायला माझा अजूनही विरोध आहे.