फ्लॉवरच्या किसाला भात म्हणू नका

रंकाळावेस :
परवा इथं एकानं लिहिलं होतं, भात आजपासून बंद करा, फ्लॉवर किसून परता, पास्त्याच्या जागी झुकिनीच्या लांब पट्ट्या काढा. "खाणाऱ्याला फरक कळतसुद्धा नाही आणि तीन महिन्यांत शुगर जाते." खाली लोकांनी रांगेनं हात जोडलेत. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

वडील ७१ वर्षांचे, शुगरला १९ वर्षं झाली. हाच सल्ला मागच्या दिवाळीनंतर आमच्या घरात आला होता. बायकोनं कपिलतीर्थ मार्केटातनं दोन गड्डे आणले, किसले, जिऱ्या-हिंगाची फोडणी दिली. रविवार होता, वर पांढरा रस्सा. वडील कालवायला लागले तर किसाला पाणी सुटलेलं, रस्सा पातळ होऊन ताटाच्या कडेला पळाला, घास काही हातात धरेना. त्यांनी एवढंच विचारलं, "भात संपला काय?" चौथ्या दिवशी अंथरूण झटकताना उशीखाली बिस्किटाचा पुडा सापडला. १९ वर्षांत त्या माणसानं चोरून काही खाल्लेलं नव्हतं.

आकडा खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. १०० ग्रॅम शिजलेल्या पांढऱ्या भातात २८ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं, फ्लॉवरमध्ये ५. पण त्याच पिष्टामुळं भात रस्सा पितो आणि शीत शिताला धरतं. फ्लॉवरमध्ये नव्वद टक्क्यांच्या वर पाणी, तो पिणार काय? आम्ही आता आधी कोशिंबीर आणि उसळ वाढतो, मग अर्धी भाकरी, शेवटी एक छोटी वाटी भात. वडील पोटभर जेवतात, उशीखाली काही सापडत नाही. भाजी भाजी म्हणून वाढा. भाताचं सोंग आणून म्हाताऱ्या माणसाला फसवू नका.

शाहूपुरी५२ :
पुडा उशीखाली सापडला याला फ्लॉवर जबाबदार? चार दिवसांत निकाल लावून मोकळे झालात तुम्ही.

माझं ऐका. चार वर्षांपूर्वी माझी शुगरची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ९.४ आली. डॉक्टर म्हणाले, भात मोजून खा. मला मोजून खाता येत नाही. एक वाटी घेतली की पातेल्याचा तळ दिसेपर्यंत हात थांबत नाही, हा माझा स्वभाव आहे. म्हणून भात साफ सोडला. १४ महिने कुणाच्या लग्नाला गेलो नाही, जावळाला नाही, म्हाईला नाही. भाकरीबरोबर तांबडा चालतोच, पण पांढऱ्या रश्श्यात बोटं घालून कालवायचं जे सुख असतं ते गेलं होतं. फ्लॉवरनं ते मला परत दिलं. तुम्ही त्याला सोंग म्हणता, मी त्याच्यामुळं परत पंगतीत बसलो.

आणि तुमच्या घरी तो पिळलाच नव्हता. किसाला मीठ लावून दहा मिनिटं ठेवा. जुन्या पंच्यात बांधा आणि पिळा, वाटीभर पाणी निघतं. लोखंडी कढई चांगली तापली की टाका, चार मिनिटं परता, झाकण अजिबात नको. झाकलं की पाणी सुटतं आणि तो कुबट वास बसतो. आता सरासरी ६.८ आहे. गोळ्या चालू आहेत, शुगर "गेली" नाही, तेवढं तुमचं बरोबर.

किसणी :
दोघंही दादा छान लिहिताय. किसणार कोण ते कुणीच लिहिलं नाही. "बायकोनं आणले, किसले." "पंच्यात बांधा." आमच्यात सहा माणसं. सासऱ्यांना आणि दिरांना शुगर, नवऱ्याला भाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, पोरगा जिमला जातो म्हणून त्याला झुकिनी. सकाळी पावणेसहाला माझा गॅस पेटतो. गड्डा निवडायचा, मिठाच्या गरम पाण्यात घालून अळ्या काढायच्या, पुसून कोरडा करायचा, मग किसायचा. मिक्सरला लावा म्हणतात, एक फेरा जास्त झाला की लगदा. किसलेल्या एका गड्ड्यात दोघांचंच भागतं. नंतर दुसऱ्यांसाठी कुकर आहेच. बदल म्हणजे काय, तर माझ्या ओट्यावर आणखी एक पातेलं.

रंकाळावेस :
ताई, मी किसला नव्हता. बायकोनंच किसला. तेवढं ऐकून घेतो.

घाटवाट :
एवढा कुटाणा कशाला? आपल्याकडं आजरा घनसाळ हाय की. जीआय मिळालेला तांदूळ आहे तो. आमचा दुकानदार स्वतः सांगतो, जीआय आहे म्हणून शुगरवाल्यांना चालतो. आई दोन वर्षं तोच खाते, दोन्ही वेळा, पोटभर.

नाईटड्युटी :
घाटवाट, आईंची शुगर शेवटची कधी तपासली? २०१६ मध्ये घनसाळला जे मिळालं ते भौगोलिक मानांकन. तांदूळ आजऱ्याच्या मातीतला आहे याची ती खूण. जेवल्यावर रक्तातली साखर किती झपाट्यानं चढते ते सांगणारा ग्लायसेमिक इंडेक्स वेगळा. दोन्हींची इंग्रजी अक्षरं तीच म्हणून दुकानदार खुशाल माल खपवतो आणि तुम्ही आईला वाढता? कोल्हापुरी गुळालाही ते मानांकन आहे. मग शुगरवाल्यांना गूळही चारणार का?

घाटवाट :
दवाखान्यातल्या माणसांना सगळ्यात रोगच दिसतो. आमची आजी ९१ वर्षं जगली, आयुष्यभर भात खाऊन. तिला कुणी इंडेक्स सांगितला नव्हता.

आजऱ्याकडचा :
तुमची आजी भाताची लावणीही करत होती. मृगापासून गुडघाभर चिखलात वाकून, डोक्यावर इरलं. तिचा भात रानात जिरत होता. तुमच्या आई तो भात खाऊन दुपारी मालिका बघत असतील, आमच्या आईही तेच करतात. आजीला यात ओढू नका.

आणि विषय निघालाच आहे तर घनसाळवाल्याचंही ऐका. हे भात उंच वाढतं. परतीच्या पावसाचा एक तडाखा बसला की लोळतं, कापायला दुप्पट माणूस लागतो. उतारा संकरित वाणांपेक्षा बराच कमी. भाऊ म्हणतो ऊस लाव नाहीतर संकरित लाव. मी वीस गुंठे हट्टानं घनसाळ ठेवलाय, पोटरीवर आला की बांधावर उभं राहूनच वास येतो म्हणून. मागच्या साली शहरात एका दुकानात "आजरा घनसाळ" लिहिलेलं पोतं दिसलं, दर माझ्या दराच्या निम्मा. किलोभर घेऊन घरी शिजवला. वास नाही, काही नाही. खरा घनसाळ शिजायला लागला की शेजारीण विचारायला येते. तुम्ही जीआय जीआय करून जो खाताय तो घनसाळ तरी आहे का, ते आधी बघा.

घाटवाट :
म्हणजे दुकानदारही खोटा, मीही खोटा. बरं.

शाहूपुरी५२ :
धागा फ्लॉवरचा होता हो. पण आजऱ्याकडच्यांनी बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. मी भात सोडला तेव्हा पहिली आठवण त्याच वासाची यायची.

आजऱ्याकडचा :
मग सोडलाच कशाला? सगळं शहर फ्लॉवर किसायला लागलं तर आम्ही काय पिकवायचं? आणि फ्लॉवर काय आभाळातनं पडतो? चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी पडली की फवारणीवर फवारणी होते. माझ्या घनसाळवर एवढं औषध पडत नाही.

खपली :
मधेच येतो. पास्त्याला उगाच शिव्या बसल्यात. चांगला पास्ता ड्युरम गव्हाच्या रव्याचा असतो, म्हणजे आपला बन्सी. खपली त्याचीच जवळची. कणी राखून शिजवला तर साखर भातापेक्षा हळू चढते. पोराला एवढी पट्ट्यांचीच हौस असेल तर महागडी झुकिनी नको, कोवळा दुधी चालतो. फक्त कच्चा तुकडा जिभेवर ठेवून बघा आणि कडू लागला तर सगळा टाका. कडू दुधीच्या रसानं माणसं दगावली आहेत आणि तो कडूपणा शिजवून जात नाही. झुकिनी त्याच कुळातली, तिलाही हेच लागू.

नाईटड्युटी :
सगळे गहू-तांदळात अडकलेत, आता मी जे पाहिलं ते सांगते. गेल्या पावसाळ्यात रात्री अडीचला एका बाईंना आणलं. घामानं साडी पाठीला चिकटलेली, बोलणं अडखळत होतं. घरच्यांना वाटलं अर्धांगवायू. बोटाला सुई टोचली, शुगर ४१, म्हणजे फारच खाली. सलाइनमधून ग्लुकोज गेलं तसं दहा मिनिटांत त्यांनी मुलाला नावानं हाक मारली. विचारलं तेव्हा कळलं, आठ दिवस भात-चपाती बंद, दोन्ही वेळा फ्लॉवर, गोळ्या मात्र नेहमीच्याच. त्यात ग्लिमेपिराइड होती. ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, ताटात भात आहे की फ्लॉवर हे ती बघत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनवर सहसा असं होत नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारून डोस बदलल्याशिवाय असा प्रयोग करू नका. परवाच्या त्या पोस्टमध्ये यातलं एक अक्षर नव्हतं. हात जोडणाऱ्यांतल्या किती जणांच्या घरी ही गोळी असेल, याची मला भीती वाटते.

शाहूपुरी५२ :
सिस्टर, मी हे लिहायला हवं होतं. फ्लॉवर सुरू केला तेव्हा डॉक्टरांनी माझी गोळी अर्धी केली होती. कढई किती तापवायची ते लिहिलं आणि हे राहिलं. चूक माझी.

किसणी :
अगं बाई. आमच्या सासऱ्यांच्या पाकिटावर तेच नाव आहे. उद्याच विचारते. बरं झालं लिहिलंत.

रंकाळावेस :
काल मी स्वतः किसला. वेळ लावून पाहिला, ४० मिनिटं गेली, अंगठ्याचं साल निघालं. किसणीताईंचं म्हणणं मान्य. मीठ लावून पंच्यात पिळला, पाणी खरंच वाटीभर निघालं. लोखंडी कढईत परतला. शाहूपुरीकर, यावेळी रस्सा पळाला नाही. वडिलांनी सगळा खाल्ला, म्हणाले, "फ्लॉवर बरा केलास, कुणाला विचारलंस?" आणि ताट पुढं सरकवलं, "आता भात वाढ." छोटी वाटी वाढली. तुमची पद्धत चांगली आहे, आठवड्यातनं एकदा करीन. पण वडिलांच्या जिभेला फरक कळला आणि मी नाव फ्लॉवरच सांगितलं होतं. माझं मूळ म्हणणं मागं घेत नाही.

शाहूपुरी५२ :
घेऊ नका. तुमच्या वडिलांना वाटीवर थांबता येतं, मला येत नाही. मी त्याला भातच म्हणणार.

घाटवाट :
आज सकाळी आईची तपासणी केली. जेवणानंतर २८६. ती म्हणते दोन महिने पाय जळजळतात, सांगितलं नाही कुणाला. दुपारी डॉक्टरकडं नेतोय. दुकानदाराचं नंतर बघतो.

आजऱ्याकडचा :
आधी डॉक्टर. मग त्यांनी वाटीभराची परवानगी दिली तर मला निरोप धाडा. दिवाळीनंतर कापणी आहे, पाच किलो घरचा तुमच्या आईंसाठी बाजूला ठेवतो.