नमुना कोड उचलला की तसाच्या तसा चालायला हवा

डॉक्युमेंटेशनमधल्या नमुना कोडबद्दल बोलतोय. वेबवरून माहिती मागवणाऱ्या पायथनच्या रिक्वेस्ट्स लायब्ररीचं क्विकस्टार्ट पान पाहा. सुरुवातीच्या उदाहरणांत 'गेट' या माहिती मागवणाऱ्या कॉलला फक्त यूआरएल दिलेला असतो. टाइमआउटची, म्हणजे उत्तराची किती सेकंद वाट पाहायची याची, गोष्ट बरीच खाली येते, आणि तिथे स्पष्ट लिहिलंय की प्रॉडक्शनमधल्या (खऱ्या वापरातल्या) जवळजवळ प्रत्येक कॉलला तो द्यावा, नाहीतर प्रोग्राम अनिश्चित काळ अडकू शकतो. म्हणजे धोका माहीत असूनही उचलली जाणारी ओळ टाइमआउटविनाच ठेवली. लोक ओळ उचलतात, इशारा तिथेच राहतो. समोरचा सर्व्हर गप्प बसला की आपल्याकडे विनंत्या हाताळणारा एकेक वर्कर अडकत जातो आणि लॉगमध्ये काहीच येत नाही, कारण एरर झालेलीच नसते.

तीच गत इम्पोर्टची, म्हणजे कोणत्या लायब्ररीतून काय घेतलं ते सांगणाऱ्या ओळीची. जावाच्या उदाहरणात नुसतं 'डेट' लिहिलं, तर ते युटिलमधलं की एसक्यूएलमधलं? इम्पोर्ट, व्हर्जन, टाइमआउट आणि स्टेटसची (सर्व्हरने यश कळवलं की चूक, त्याची) तपासणी नमुन्यातच हवी.

प्रतिसाद १ : असहमत
उदाहरण एक गोष्ट समजावायला असतं. टाइमआउट, स्टेटस, ट्राय-एक्सेप्ट (एरर पकडणं), रीट्राय (पुन्हा प्रयत्न) सगळं घातलं की एका ओळीच्या पंधरा होतात आणि नवख्याला मूळ कॉलच सापडत नाही. शिवाय टाइमआउट किती द्यायचा? ५ लिहिलं की तेच ५ सगळीकडे चिकटणार. त्यात रिक्वेस्ट्समधला टाइमआउट पूर्ण डाउनलोडला लागूच नाही. सॉकेटवर (सर्व्हरशी असलेल्या जोडणीवर) तेवढे सेकंद एकही बाइट आला नाही, तरच तो लागतो. हे न कळता चिकटवलेला आकडा खोटा भरवसा देतो.

धागालेखक
आकडा चुकला तर ट्रेसबॅक (एरर कुठे झाली ते दाखवणारा मजकूर) मिळतो, माणूस शोधायला लागतो. आकडाच नसेल तर शोधायला काही उरत नाही. आणि 'टाइमआउट=५' हा एक आर्ग्युमेंट आहे, पंधरा ओळी नव्हेत. रीट्राय वेगळ्या उदाहरणात जाऊ द्या, तेवढं मान्य.

प्रतिसाद २ : लांबी सोडा, चाचणीचं बोला
रस्ट भाषेत लायब्ररीच्या डॉक कमेंटमधला (कोडसोबत लिहिलेल्या माहितीतला) कोड 'कार्गो टेस्ट' ही चाचणीची कमांड चालवून बघते. गो भाषेत एक्झाम्पल फंक्शनच्या शेवटी 'आउटपुट' कमेंट असेल तर निकाल ताडला जातो. नसेल तर कोड नुसता कंपाइल होतो, हे बरेच जण विसरतात. बाकी ठिकाणी डॉक्युमेंटेशन बनवणाऱ्या स्फिंक्सच्या लिटरलइन्क्लूड सूचनेने खऱ्या, चाचणी होणाऱ्या फाइलमधूनच तुकडा ओढा. पानावर हाताने टाइप केलेला कोड पुढच्या रिलीजला शिळा होतो.

प्रतिसाद ३
शेलच्या (टर्मिनलच्या) कमांडआधीचं डॉलर चिन्हही काढा. कॉपी केल्यावर तेही येतं आणि 'कमांड नॉट फाउंड' मिळतं. वळणदार अवतरणचिन्हांनी पायथन थेट सिंटॅक्स एरर देतं.

प्रतिसाद १
रस्टमध्ये हॅशने सुरू होणाऱ्या ओळी चाचणीत धावतात, पण पानावर दिसत नाहीत. 'यूज'ची (रस्टमधल्या इम्पोर्टची) ओळ तशी लपवली की चाचणी पास, वाचकाकडे कंपाइल एरर. आणि टाइमआउटची उणीव अशा चाचणीत दिसणारच नाही, कारण चाचणीतला सर्व्हर लगेच उत्तर देतो.

प्रतिसाद २
मग उत्तर न देणारा सर्व्हर ठेवा. नेटकॅट हे आलेलं नुसतं दाखवणारं साधन ८०८० पोर्टवर ऐकत बसवा आणि नमुन्यातला यूआरएल लोकलहोस्टच्या (आपल्याच मशीनच्या) त्या पोर्टकडे वळवा. टर्मिनलवर विनंतीचे हेडर उमटतील आणि नमुना तिथेच थांबून राहील. आता 'टाइमआउट=५' घाला, पाच सेकंदांनी रीडटाइमआउट ही एरर येईल. लपवलेल्या 'यूज'बद्दल मात्र तुमचं बरोबर. ती ओळ दिसलीच पाहिजे.