रोलरने ऑइलचे थर: रेघा पडतात, खालचा रंग उपटतो

नीलपट
नमस्कार मंडळी. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या वाटेने, म्हणजे ब्रशऐवजी रोलर, पॅलेट नाइफ आणि कागदाचे तुकडे घेऊन ३ बाय ४ फुटांच्या कॅनव्हासवर ऑइल (तैलरंग) चालू आहे. रोलरच्या दोन्ही कडांच्या समांतर रेघा उमटतात. दुसरा थर देताना खालचा रंग रोलरला चिकटून निघतो. शिवाय मधोमध एक फिकट आडवी पट्टी दिसते, ती मी काढलेलीच नाही. रंग अलिझरिन (गडद लाल), रॉ अंबर (तपकिरी) आणि टायटॅनियम व्हाइट, याच क्रमाने. पहिल्या थरापासून जवसाचं तेल मिसळतो.

गेरू
ती पट्टी स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ताणलेल्या लाकडी चौकटीच्या, मधल्या आडव्या दांडीची आहे. रोलरच्या दाबाने कॅनव्हास तिथे दांडीला टेकतो, बाकी ठिकाणी आत दबतो, म्हणून रंग कमीजास्त बसतो. चालू चित्राला मागून, दांडीच्या वरच्या आणि खालच्या पोकळीत जाड पुठ्ठे कॅनव्हासला टेकतील इतके भरा. पुढच्या वेळी कॅनव्हास सरळ प्लायवर स्टेपल करून रंगवा, चारही बाजूंना अडीच इंच कोरे सोडा आणि पूर्ण वाळल्यावर स्ट्रेचरवर ताणा.

कडांच्या रेघा जास्त रंगामुळे येतात. दाबाने तो बाजूला सरकतो आणि काठावर साचतो. ट्यूबमधला रंग थेट रोलरवर घेऊ नका. काचेवर पॅलेट नाइफने पसरा, रोलर आडवा-उभा फिरवा. बारीक चरचर ऐकू आली की थर बरोबर. पचपच आवाज आला तर रंग जास्त आहे. कॅनव्हासवर नेण्याआधी दोन्ही कडा चिंधीने पुसा. लिनोकट छपाईचा रबरी रोलर असेल तर कडा पॉलिश पेपरने जराशा गोल करून घ्या, निम्मा त्रास तिथेच जातो.

थरावरथर
रंग उपटण्याचं मूळ तुमच्या क्रमात आहे. ऑइल पाण्यासारखं उडून वाळत नाही, तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. अंबरमध्ये मँगनीज असतं, त्यामुळे तो लवकर वाळतो. अलिझरिन फार सावकाश. तुम्ही सावकाश वाळणारा खाली आणि लवकर वाळणारा वर घेतलाय, शिवाय खालीच भरपूर तेल. आज उपटतोय, पुढे भेगा पडतील.

उलटं करा. जेसोचे (रंगाआधीच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन-तीन हात, मग टर्पेंटाइनने पातळ केलेला अंबर, तेल अजिबात नको. वरच्या थरांत तेल थोडं थोडं वाढवत न्या आणि अलिझरिन शेवटी, अगदी पातळ. मधे अंगठा दाबून पाहा: चिकटला किंवा ठसा उमटला तर थांबा. पावसाळ्यात हे थांबणं लांबतं. घाई असेल तर खालचे थर ॲक्रिलिकमध्ये करा. ऑइलवर ॲक्रिलिक मात्र कधीच नको, पापुद्रा सुटतो. आणि पांढरा घेताना ट्यूबवर झिंक आहे का वाचा. झिंकचा थर ठिसूळ होतो.

कोरा कागद
कागदाबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि या कामाचा प्राण तिथेच आहे. ओल्या रंगावर कागद ठेवून रोलर फिरवला की तो रंगाबरोबर तेलही शोषतो. खाली मॅट, काहीसा कोरडा पट्टा राहतो आणि शेजारच्या चकचकीत भागाशी त्याचा जो फरक पडतो, त्यातूनच खोली येते. छापील वर्तमानपत्राची शाई उतरते, म्हणून कोरा न्यूजप्रिंट घ्या. शोषण नको असेल तिथे बटर पेपर. सरळ वर ओढला तर रंगाचे बारीक कोंभ उभे राहतात. कोपऱ्यातून धरून कॅनव्हासला लगटून मागे दुमडत काढला तर कड स्वच्छ सुटते. दोन्ही परिणाम वापरण्याजोगे आहेत, फक्त कुठे कोणता हवा ते आधी ठरवा.

गेरू
एक राहिलं. जवसाच्या तेलाच्या चिंध्या आणि हे कागद बोळे करून कोपऱ्यात टाकू नका, आतल्या आत तापून पेट घेतात. पाणी भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका.