वसमतची हळद वसमतातच पॉलिश व्हावी यासाठी आधी काय उभारायचं? पावडर युनिट की अजून काही?

मोंढा_गल्ली (प्रश्न)

मार्च ते जून वसमतच्या मोंढ्यात (बाजारपेठेत) हळदीच्या गाड्यांची रांग असते. जुलै लागला की हमालाच्या हातालाही काम नसतं. माल बारदान्यात भरून सांगलीला, नाहीतर राज्याबाहेर जातो. पॉलिश, प्रतवारी, दळण सगळं तिकडं होतं आणि पाकिटातली पावडर आपल्याच किराणा दुकानात परत येते. इथली पोरं मात्र पुणे-संभाजीनगरची गाडी धरतात.

आमचा गट पंधरा-सोळा जणांचा आहे. दोघं आडतीत, चौघं बी. एस्सी. ॲग्री, दोन आयटीआय फिटर, बाकी बचत गटांच्या ताई आणि शेतकरी. सगळ्यांचं मिळून ४० लाखांपर्यंत भांडवल जमतंय. बहुतेकांना पावडरचं युनिट आणि स्वतःचा ब्रँड हवा आहे. निदान पंचवीस-तीस लोकांना काम मिळेल असं काय उभं करावं? मोठा कारखाना येईल, एमआयडीसीत शेड भरतील, असली उत्तरं नकोत, ती दर निवडणुकीत मिळतात.

बारदाना

पावडर आधी नको. का, ते हिशेबातच बघा.

मध्यम पल्वरायझर (दळायचं मशीन) ताशी १५० किलो दळतो. साफसफाई, जाळी बदलणं, वीज जाणं धरून दिवसाला एक टन हाती लागला तरी खूप. महिन्याला २५ टन. हळद १४० रुपये किलो धरली (तुम्ही आजचा भाव घाला) तर महिन्याचा कच्चा माल ३५ लाखांचा. दुकानदार ३० ते ४५ दिवसांची उधारी मागतो, नवीन ब्रँडला तर त्याहून जास्त. म्हणजे मशीन सोडून ८० ते ९० लाख नुसते फिरत राहिले पाहिजेत. हंगामात वर्षभराचा ३०० टन साठा करायचा म्हटलं तर ४ कोटी २० लाख. तुमच्या ४० लाखांत साडेअठ्ठावीस टन येते, तीही मशीन न घेता. मशीन नवंकोरं आणि माल घ्यायला पैसा नाही, पावडरची युनिटं बहुतेक याच खड्ड्यात जातात. आणि एवढं करून रोजगार किती, तर सहा-आठ जणांचा.

त्यापेक्षा दुसऱ्याच्या मालावर मजुरीचं काम घ्या. साफसफाई, पॉलिश, प्रतवारी, पोत्यात भरणं. माल शेतकऱ्याचा किंवा व्यापाऱ्याचा, तुमचा फक्त किलोमागे दर. साठ्यात पैसा अडकत नाही, भाव पडला तरी तुमचं नुकसान नाही. लाइन अशी लागते: खडे-मातीसाठी चाळणी आणि डीस्टोनर, पॉलिशचा ड्रम, जाडी-लांबीप्रमाणे वेगळं करणारा ग्रेडर, निवडायचा पट्टा, आर्द्रता मीटर, प्लॅटफॉर्म काटा, शिलाई मशीन. धुळीसाठी सायक्लोन आणि बॅग फिल्टर पहिल्या दिवसापासून बसवा. पॉलिशची धूळ शेजाऱ्यांच्या घरात गेली की आधी तक्रार येते, मग नोटीस.

ढोबळ गणित: ताशी एक टन, दिवसाला ८ टन, किलोला ३ रुपये धरले तर २४,००० जमा. पट्ट्यावर १६ बायका ४०० रुपये रोजाने ६,४००, मशीन आणि भरतीवर ६ माणसं ६०० ने ३,६००, वीज दीड हजार, दुरुस्ती-बेअरिंग-पट्टे दीड हजार. हातात ११,००० राहतात, त्यातून हप्ता आणि भाडं. बावीस जणांना काम मिळालं. यातले दर मी धरलेले आहेत, मोंढ्यात विचारून तुमचे घाला. ३ ऐवजी २ रुपयेच मिळाले तर हप्त्यासाठी ३,००० उरतात आणि सगळं अवघड होतं.

भांडण हमखास एकाच गोष्टीवरून होतं, ते म्हणजे घट. पॉलिशमध्ये ५ ते ८ टक्के वजन जातं. शेतकऱ्याला वाटतं माल चोरला. म्हणून आत येताना वजन आणि आर्द्रता, बाहेर जाताना वजन, भुस्सा किती निघाला आणि तो कोणाचा, हे सगळं पावतीवर लिहून दोघांच्या सह्या घ्या. आर्द्रता न लिहिता माल घेऊच नका. १४ टक्क्यांचा माल चार दिवस तुमच्या शेडमध्ये वाळला तर ती घटही तुमच्याच नावावर पडते.

शिजवण

बारदाना यांच्या हिशेबाशी सहमत, पण आधी कच्च्या मालाचं बोला. खराब शिजवलेली हळद कोणत्याच मशीनने सुधारत नाही.

काढणीनंतर कंद दोन-तीन दिवसांत शिजले पाहिजेत. ढीग पडून राहिला की तो आतून गरम होतो. हळकुंड आणि गड्डे (मधले जाड कंद) वेगळे शिजवायचे, कारण गड्ड्याला जास्त वेळ लागतो. एकत्र शिजवले तर एक कच्चा नाहीतर दुसरा गाळ. कंदात काडी सहज आरपार गेली आणि हळदीचा वास सुटला की थांबायचं. कच्ची राहिली तर आत रंग सारखा येत नाही आणि साठ्यात कीड लवकर लागते. जास्त झाली तर रंग मरतो. मग ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर ५ ते ७ सेंटिमीटरचा थर, १० ते १५ दिवस ऊन, रात्री झाकण. पातळ थर दिला तरी रंग उतरतो. ओल्या पाच क्विंटलला वाळून साधारण एक ते सव्वा क्विंटल निघते. एप्रिलमधला अवकाळी पाऊस याच टप्प्यावर गाठतो, तेव्हा पालिकेला किंवा बाजार समितीला काही मागायचंच असेल तर छत असलेली पक्की खळी मागा. घोषणाही छोटी आणि खर्चही छोटा.

नियमाप्रमाणे अख्ख्या हळदीत आर्द्रता १२ टक्क्यांपर्यंत चालते, पावडरीत १० टक्क्यांपर्यंत. पावडरीत कुरकुमिनॉइड (हळदीचा पिवळा घटक) किमान २ टक्के, एकूण राख (नमुना जाळल्यावर उरते ती) कमाल ९ टक्के. राख वाढली की समजा, माती नीट निघालेली नाही. पॉलिशच्या शेवटी चमकीसाठी पिवळा रंग मारायची जुनी खोड काही ठिकाणी अजून आहे. त्यात लेड क्रोमेट असू शकतं, म्हणजे शिसं. ते बेकायदा आहे आणि असा एक लॉट बाहेर गेला तर वसमतच्या नावावर डाग बसेल. आपल्या लाइनवर रंगाचा डबा दिसताच कामा नये.

फिटर दोघं आहेत म्हणता, तर हळद शिजवायच्या कुकरची दुरुस्ती हाच वेगळा धंदा आहे. गावोगावी फिरणाऱ्या वाफेच्या कुकरला सेफ्टी व्हॉल्व्ह गंजलेला असतो, प्रेशर गेज बंद, कधी व्हॉल्व्हवर वजन बांधलेलं. २५ लिटरहून मोठं भांडं आणि १ किलो प्रति चौरस सेंटिमीटरहून जास्त दाब असेल तर बॉयलरचा कायदा लागू होतो, वेल्डिंग कोणीही करून चालत नाही. कमी दाबाचे कुकर धरले तरी डिसेंबर-जानेवारीत व्हॉल्व्ह, गेज, गॅस्केट, चाकं, पॉलिश ड्रमच्या जाळ्या बदलायचं काम दोन फिटर आणि दोन मदतनिसांना पुरतं.

खतावणी

योजनांमध्ये लोक जिथं अडकतात तेवढंच सांगतो.

पीएमएफएमई (केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना, २०२० पासूनची): एकट्या उद्योजकाला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख. गट, शेतकरी कंपनी, सहकारी संस्था यांच्या सामायिक सुविधेलाही ३५ टक्के, पण कमाल ३ कोटी. तुमची लाइन दुसऱ्या प्रकारात बसते. अनुदान कर्जाशी जोडलेलं असतं, रोख हातात येत नाही. तीन वर्षं बँकेत बाजूला राहतं आणि खातं नियमित असेल तरच कर्जात वळतं होतं. जागेची किंमत धरत नाहीत. बचत गटातल्या अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल आहे, ते ताईंसाठी बघा. योजनेची मुदत २०२५-२६ पर्यंत होती, म्हणून कोटेशन गोळा करण्याआधी कृषी कार्यालयात आजची स्थिती विचारा.

मशीन आधी विकत घेऊन मग अर्ज करू नका. कर्ज मंजुरीच्या आधीचं बिल बँक धरत नाही. विक्रेत्याच्या कोटेशनमध्ये अश्वशक्ती, ताशी क्षमता, जीएसटी वेगळा लिहून घ्या, आणि महावितरणकडे थ्री फेजचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. शेड तयार आणि मीटर नाही म्हणून अर्धा हंगाम वाया जाऊ शकतो.

शेतकरी सभासदांना पणन मंडळाची शेतमाल तारण योजना सांगा. बाजार समितीच्या गोदामात हळद ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजाने. व्यापाऱ्याचा माल त्यात घेत नाहीत. याचा तुमच्याशी संबंध असा की जूनमध्ये विकायची घाई थांबली तर माल गावातच राहतो आणि तुमची लाइन ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालते. पोतं गोदामात ठेवण्याआधी साफ आणि १० टक्के आर्द्रतेपर्यंत वाळलेलं हवं, ते काम तुमचंच.

जीआय: वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण गावचा आहे म्हणून कोणीही पाकिटावर ती खूण छापू शकत नाही. अर्ज करून 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंद व्हावी लागते. बी. एस्सी. झालेल्या चौघांना हेच काम द्या. सभासद शेतकऱ्यांचे अर्ज, जमिनीचा गट क्रमांक, वाण, शिजवणीची तारीख, लॉट क्रमांक. कागद नसेल तर मोठा खरेदीदार जीआयचे दोन रुपयेही जास्त देणार नाही.

मोंढा_गल्ली

घटीच्या पावतीचं डोक्यात नव्हतं, ते पक्कं. दोन शंका. हळद संपल्यावर लाइन बंद ठेवायची का? आणि ताईंचा पावडरचा हट्ट कायम आहे, त्यांना काय सांगू?

बारदाना

चाळणी, डीस्टोनर, काटा, शिलाई यांना पीक कळत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीन, जानेवारीपासून तूर, फेब्रुवारी-मार्चला हरभरा. जाळ्यांचे संच वेगळे घ्या, मशीन तेच. फक्त क्रम पाळा: हळदीनंतर लाइन पूर्ण उघडून, हवा मारून, माल वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या बुडातला माल काढून मगच हरभरा. नाहीतर पिवळी झाक आलेला हरभरा डाळ मिलवाला परत पाठवतो. पॉलिशचा ड्रम मात्र हळदीलाच राखा. सोयाबीनला तो लागत नाही आणि सोयाबीनच्या बियाण्याला तर हाणामारी अजिबात नको, साल फुटलं की उगवण गेली.

ताईंना नाही म्हणू नका, छोटं करा. ताशी ४०-५० किलोची चक्की, दिवसाला दोन क्विंटल, माल रोजचा रोज मोंढ्यातून. आधी हळकुंडाचे तुकडे, मग दळण, मग ६० नंबरची जाळी. एकदम बारीक जाळी लावली की पीठ आत फिरत राहतं, तापतं, वास आणि रंग दोन्ही जातात. हाताला चटका बसण्याइतकं पीठ गरम येत असेल तर भरणा कमी करा. दळलेलं थंड होऊ द्या आणि मगच पाकीट बंद करा, गरम भरलं तर आत वाफ धरून गुठळ्या होतात. त्याच चक्कीवर मिरची घेऊ नका.

विक्री सुरुवातीला दुकानात नाही. हॉटेल, खानावळी, वसतिगृहं, लग्नाचे आचारी, ५ आणि १० किलोच्या पिशवीत, रोखीने किंवा आठवड्याच्या उधारीवर. एफएसएसएआय (अन्नसुरक्षा) नोंदणी आणि दर काही लॉटमागे एनएबीएल-मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल एवढं हवंच. पाकिटाची छपाई एकदम लाखभर नगांची करू नका. पत्ता किंवा परवाना क्रमांक बदलला की सगळी रद्दी. सुरुवातीला साधी पिशवी आणि लेबल.

शिजवण

साठ्याचं राहिलं. लाकडी फळ्यांवर थप्पी, भिंतीपासून दीड-दोन फूट अंतर. हळदीला बारीक तपकिरी भुंगा लागतो, पोत्याच्या शिवणीजवळ पीठ सांडलेलं दिसलं की समजायचं. सल्फासच्या (विषारी वायू सोडणाऱ्या) गोळ्या गोदामात कोणीही टाकायच्या नाहीत, परवाना असलेल्या धुरीवाल्याला बोलवा. आत राहणारा वॉचमन आणि शेजारची वस्ती त्या वायूने मरू शकते. दरवाजावर तारीख आणि 'आत जाऊ नये' असं मराठीत मोठ्या अक्षरात लिहा.