स्लाइडवरचे आकार : काढणं, जुळवणं, बदलणं. तुमचे अनुभव लिहा

गेल्या महिन्यात आमच्या कारखान्याच्या मांडणीची एक स्लाइड माझ्याकडे आली. आधी हे काम बघणाऱ्यांनी खपून केलेली. यंत्रं, कन्व्हेयर, ट्रॉलीचे रस्ते, पिवळ्या पट्ट्या, सगळं होतं. मला त्यातलं एकच यंत्र दोन मीटर डावीकडे न्यायचं होतं. क्लिक केलं तर अख्खी मांडणी एकदम निवडली गेली. चित्र करून डकवलेलं होतं ते, आणि मूळ आकार कुठेच जपलेले नव्हते. दोन दिवस घालवून सगळं नव्याने काढलं. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे : जे पुढेमागे बदलणार आहे ते चित्र म्हणून डकवायचं नाही. आकारांनीच काढायचं आणि मूळ आकार जपायचे.

म्हणून हा धागा. पॉवरपॉइंट असो, लिबरऑफिसमधलं इम्प्रेस असो, स्लाइडवर आकृत्या काढताना तुम्ही काय काढलंत, कुठे अडलात, कसे सुटलात ते लिहा. नुसतं 'हे बटण दाबा' नको. कशासाठी काढलं तेही सांगा.

सुरुवात मीच करते. आमच्या असेंब्लीच्या ओळीत सारख्या अंतरावर चोवीस टेबलं आहेत. पहिलं टेबल काढलं, कंट्रोल-डी दाबून त्याची प्रत घेतली आणि ती बरोबर जागी नेऊन ठेवली. मग दुसरीकडे कुठेही क्लिक न करता पुन्हा कंट्रोल-डी. पुढची प्रत तेवढ्याच अंतरावर आपोआप येते. बावीस वेळा दाबलं, ओळ पूर्ण. हे कळण्याआधी मी एकेक टेबल डोळ्यांच्या अंदाजाने लावत होते.

निवृत्त ड्राफ्ट्समन, पिंपरी

धागा वाचून बरं वाटलं. माझी सगळी नोकरी ड्रॉइंग ऑफिसात गेली. ट्रेसिंग पेपर, टी-स्क्वेअर, शाईचं पेन. रेघ चुकली की ब्लेडने शाई हलक्या हाताने खरवडायची, कागद फाटू न देता. यंत्र दोन मीटर सरकवायचं म्हणजे नवा कागद लावायचा.

निवृत्तीनंतर नातवासाठी पॉवरपॉइंट शिकलो. शिफ्ट दाबून आकार फिरवला की तो पंधरा पंधरा अंशांनी फिरतो, हे पाहिल्यावर मला आमच्या दोन गुण्या आठवल्या. एक पंचेचाळीस अंशांची, दुसरी तीस-साठची. दोन्ही एकमेकींना लावल्या की पंधराच्या पटीतला हवा तो कोन मिळतो. पंचेचाळीसमधून तीस गेले की पंधरा, मिळवले की पंच्याहत्तर. बोर्डावर ज्या कोनांत आयुष्य गेलं, तेच कोन इथे एका कळीत बसवले आहेत. शिफ्ट दाबून रेघ ओढली तर ती आडवी, उभी किंवा नेमक्या तिरक्या कोनात राहते. लंबवर्तुळाचं वर्तुळ होतं, आयताचा चौरस होतो. नवख्या माणसाने सगळ्यात आधी ही कळ शिकावी असं माझं मत आहे.

प्राथमिक शिक्षक, सातारा जिल्हा

माझा अनुभव जरा लांबलचक आहे, पण सांगतो.

चौथीच्या मुलांना जिल्हे पाठ करायला लावणं मला कधीच पटलं नाही. २०११ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी भिंतीवरच्या नकाशाचा फोटो काढून स्लाइडवर घेतला आणि फ्रीफॉर्मने एकेक जिल्हा गिरवला. फ्रीफॉर्ममध्ये टिचक्या मारत सीमेवरून पुढे जायचं आणि शेवटी पहिल्या बिंदूवर येऊन टिचकी मारली की आकार बंद होतो, रंग भरता येतो. पस्तीस जिल्ह्यांना अकरा दिवस लागले. सातारा आधी काढला, आपला म्हणून. सगळ्यात छळलं ते रायगड आणि रत्नागिरीच्या किनाऱ्याने. खाड्याच खाड्या. मग खालचा फोटो काढून टाकला.

१ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर वेगळा झाला. नकाशा चित्र असता तर तो कचऱ्यात गेला असता. तोवर शाळेत पॉवरपॉइंटची २०१३ ची आवृत्ती आली होती आणि तिच्यात मर्ज शेप्स, म्हणजे आकार एकमेकांत जोडायची-कापायची सोय, होतं. ठाण्याच्या आकारावर मी पालघरचा एक ढोबळ आकार काढला. ठाण्याकडची सीमा तेवढी काळजीने गिरवली, बाकी बाजू ठाण्याच्या बाहेर ऐसपैस जाऊ दिल्या. दोन्ही आकार निवडून फ्रॅगमेंट केलं. तीन तुकडे झाले : उरलेलं ठाणं, पालघर आणि बाहेरचा फाजील भाग. फाजील भाग खोडला. पालघरची बाहेरची कड ठाण्याच्या जुन्या कडेवरूनच कापली गेल्याने मधे केसाएवढीही फट राहिली नाही. मुलांसमोर हे परत करून दाखवलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "गुरुजी, जिल्हा असा जन्मतो होय?"

तिच्या प्रश्नावरून पुढचा धडा सुचला. १ मे १९६० ला महाराष्ट्रात सव्वीस जिल्हे होते, आज छत्तीस आहेत. मी नकाशा उलटा चालवला. प्रत्येक पायरीला स्लाइडची प्रत घ्यायची आणि दोन जिल्हे निवडून युनियन करायचं, म्हणजे दोघांचा मिळून एक आकार. पालघर ठाण्यात परत. गोंदिया भंडाऱ्यात आणि हिंगोली परभणीत, हे १९९९ चे. नंदुरबार धुळ्यात, वाशिम अकोल्यात, १९९८ चे. मुंबई उपनगर १९९० चं. मग १९८२ चे गडचिरोली आणि लातूर, १९८१ चे सिंधुदुर्ग आणि जालना. जालन्यापाशी थांबावं लागलं, कारण परतूर तालुका परभणीतून आलेला होता. तेवढा भाग आधी फ्रॅगमेंटने वेगळा केला, परभणीला जोडला आणि मगच उरलेला जालना औरंगाबादला. असं करत सव्वीसवर आलो. आता वर्गात स्लाइड उलट्या क्रमाने पुढे सरकवतो आणि मुलं नव्या जिल्ह्याचं नाव ओरडतात.

युनियन करताना दोन गोष्टी सांभाळा. ज्याचा रंग राहायला हवा तो आकार आधी निवडायचा. आणि गिरवताना शेजारच्या सीमांमध्ये फट राहिली असेल तर जोडल्यावर मधे पांढरी चीर राहते. माझ्या भंडारा-गोंदियात राहिली होती, एडिट पॉइंट्समध्ये जाऊन बिंदू ओढून बुजवली. आज परत नकाशा करायचा झाला तर मी दुसरा जिल्हा पहिल्याच्या अंगावर थोडा चढवून गिरवेन आणि सबट्रॅक्टने पहिल्याचा भाग त्यातून कापेन, म्हणजे सीमा एकच राहील.

पुढे छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव ही नावं बदलायला मला एक मिनिटही लागलं नाही.

धागालेखिका

गुरुजी, हे वाचून अंगावर काटा आला. धागा काढल्याचं सार्थक झालं.

क्वालिटी विभाग, चाकण

आमच्याकडे प्रोसेसच्या आकृत्या सतत बदलतात. ग्राहकाचं ऑडिट आलं की दोन चौकोन वाढतात. नवीन मुलं चौकोनांमधले बाण साध्या रेघेसारखे, टोक कुठेही सोडून काढतात. चौकोन हलला की बाण जागच्या जागी लोंबकळत राहतो. मी पहिल्याच दिवशी शिकवतो : बाण काढताना कर्सर चौकोनाच्या कडेपाशी न्या, कडेवर ठिपके दिसतील, बाणाचं टोक ठिपक्यावरच सोडा. चिकटलं की टोक हिरवं दिसतं. मग चौकोन कुठेही न्या, बाण मागे मागे जातो.

आणि ओळी नजरेने लावू नका. सगळे चौकोन निवडा, अलाइन मिडलने एका रेषेत आणा, मग डिस्ट्रिब्यूट हॉरिझॉन्टलीने मधली अंतरं सारखी करा. या क्रियेत दोन टोकांचे चौकोन जागा सोडत नाहीत, मधलेच हलतात. म्हणून आधी टोकांचे दोन हवे तिथे ठेवायचे. हा क्रम न कळल्यामुळे 'डिस्ट्रिब्यूट चालत नाही' अशी तक्रार मी कितीदा ऐकली आहे.

नर्सिंगच्या अध्यापिका, नाशिक

हृदयाची आकृती, चाळीसएक आकार, एकावर एक. खालचा निवडायला जावं तर वरचा हाती लागायचा. ऑल्ट-एफ१० ने सिलेक्शन पेन, म्हणजे स्लाइडवरच्या सगळ्या आकारांची यादी, उघडायला शिकले आणि सुटले. प्रत्येक आकाराला तिथे मराठीत नाव दिलं आहे : डावी कर्णिका, उजवी जवनिका, महाधमनी. डोळ्याच्या चिन्हावर क्लिक केलं की तो आकार तात्पुरता लपतो, खालचं काम करता येतं. नावं द्यायला दहा मिनिटं लागतात, ती नक्की द्या.

रांगोळीचे वर्ग घेते, कोल्हापूर

मी विद्यार्थिनींना द्यायचे नमुने स्लाइडवर काढते. बारा पाकळ्यांचं फूल माझ्याकडून कित्येक महिने जमत नव्हतं. पाकळी फिरवली की ती स्वतःच्या मध्याभोवती फिरते. मला ती फुलाच्या मध्याभोवती फिरायला हवी होती. मग सुचलं. पाकळीची प्रत घेऊन ती उभ्या दिशेने उलटी केली आणि दोन्हींची देठाकडची टोकं एकमेकींना भिडवून ग्रुप केला. आता ग्रुपचा मध्य म्हणजेच फुलाचा मध्य. या जोडीच्या पाच प्रती घेतल्या. सहाही जोड्या निवडून अलाइन सेंटर आणि अलाइन मिडल, म्हणजे सगळ्या नेमक्या एकीवर एक. मग वरची जोडी निवडून फॉरमॅटमधल्या रोटेशनच्या खणात तीस लिहिलं, पुढचीला साठ, मग नव्वद, एकशेवीस, एकशेपन्नास. सहा जोड्या, बारा पाकळ्या. फूल उमललं तेव्हा आईला हाक मारून दाखवलं.

संगणक शिक्षक, रत्नागिरी

वरच्या ताई, तुमची जोडीची युक्ती फार सुंदर आहे. आमच्या शाळेत लिबरऑफिस आहे. तिथे इम्प्रेसमध्ये ग्रुप निवडून शिफ्ट-एफ३ दाबा. प्रती किती, प्रत्येक प्रत किती सरकवायची, किती अंश फिरवायची हे विचारणारी खिडकी येते. प्रती पाच, सरकवणं शून्य, कोन तीस. एकदम फूल. सुरुवातीचा आणि शेवटचा रंगही देता येतो, मग पाकळ्या एका रंगातून दुसऱ्यात उतरत जातात. माझी सातवीची मुलं यात दिवाळीची शुभेच्छापत्रं करतात.

सोसायटीच्या सचिव, ठाणे

पार्किंगची आखणी केली. वाद होते म्हणून मापं अचूक हवी होती. नव्या आडव्या स्लाइडची रुंदी ३३.८६७ सेंटिमीटर असते. आमचं आवार साठ मीटर लांब. म्हणून दोन मीटरला एक सेंटिमीटर असं प्रमाण धरलं. गाडीची जागा अडीच बाय पाच मीटर, म्हणजे स्लाइडवर सव्वा बाय अडीच सेंटिमीटर. माप माउसने ओढून आणलं नाही, उंची-रुंदीच्या खणात आकडे टाइप केले. सभेत प्रोजेक्टरवर लावलं आणि ज्यांना शंका होती त्यांच्या देखत गाड्या हलवून दाखवल्या. दोन कोपऱ्यांतल्या जागांत गाडी वळत नाही हे सगळ्यांना एकाच वेळी दिसलं. तिथे आता दुचाकी लागतात.

मराठी मंडळाची कामं बघतो, न्यू जर्सी

आम्ही गुढीपाडव्याचं पत्रक करताना एक गोष्ट चुकली, ती सांगतो. गुढी, कलश, तोरण, सगळ्यावर मजकूर, सगळ्याचा मिळून ग्रुप. मग ग्रुप निम्म्या आकाराचा केला. आकार लहान झाले, अक्षरं होती तेवढीच राहिली आणि मजकूर चौकटींबाहेर सांडला. ग्रुपचं माप बदललं तरी अक्षरांचं माप बदलत नाही. आता आधी अंतिम माप ठरवतो, मगच मजकूर घालतो. आणि मराठी मजकुराला ओळींमध्ये अंतर जरा सढळ हाताने ठेवा, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडते. 'शुभेच्छा' आणि 'हार्दिक' एकाखाली एक लिहून बघा.

स्पर्धा परीक्षेची तयारी करतेय, लातूर

साताऱ्याच्या गुरुजींना एक विचारायचं आहे. मी तुमच्यासारखा नकाशा करायला घेतला आहे. मुंबई शहर इतकं बारीक येतं की त्याच्यावर नाव मावत नाही, क्लिकही धड होत नाही. तुम्ही काय केलंत?

प्राथमिक शिक्षक, सातारा जिल्हा

मुंबई शहर आणि उपनगर या दोघांच्या प्रती घेऊन ग्रुप करा. शिफ्ट दाबून कोपऱ्याने ओढत पाचपट मोठ्या करा, म्हणजे लांबी-रुंदीचं प्रमाण बिघडणार नाही. अरबी समुद्राच्या रिकाम्या जागेत त्या ठेवा. त्यांच्याभोवती एक वर्तुळ काढून ते सेंड टू बॅक करा आणि तिथून मूळ जागेपर्यंत एक बारीक रेघ न्या. नावं या मोठ्या आकारांवर लिहा. रंग बदलाल तेव्हा दोन्हीकडचा बदला, माझा एकदा राहून गेला होता आणि तो मुलांनीच पकडला. लातूर उस्मानाबादमधून वेगळा केलात की स्लाइड इथे नक्की दाखवा.