हनोईत आई-बाबांसोबत: जुन्या भागातलं छोटं हॉटेल की दूरचं मोठं?

तर्रीपोहे:
नमस्कार मंडळी. नोव्हेंबरात आई-बाबांना घेऊन व्हिएतनामला, हनोईत चार रात्री चाललोय. होआन किएम तळ्याजवळ, जुन्या भागात एक बुटीक हॉटेल सापडलं. खोल्या फक्त चौदा, फोटो झकास. पण ऑफिसातला एक जण म्हणाला, तिकडे रात्रभर स्कूटरचा गोंगाट असतो. बाबांचा गुडघा धरतो, आई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. नागपूरचं कोणी राहिलंय का अशा ठिकाणी?

खामलेकर:
मोठंच घे भाऊ. त्या जुन्या भागात फुटपाथवर स्कूटरी उभ्या अन् लोक रस्त्यावर चालून राहिले. बाबांना काहून तरास देतं?

ओंकारनगरची काकू:
मी मागच्या वर्षी यांना आणि सासूबाईंना घेऊन गेले होते. जुन्या भागातच राहा, फक्त खोली डोळ्यांत तेल घालून निवडा.

तिथली जुनी घरं म्हणजे तोंड लहान आणि पोट लांब. रस्त्यावर जेमतेम तीन-चार मीटर, आत नुसता बोगदा. त्याच जागांवर मजले चढवून ही हॉटेलं झालीत. म्हणून खोल्या तीन जातीच्या: रस्त्याकडची, मागची आणि मधली. मधलीला खिडकी नसते, नाहीतर असते ती शेजारच्या भिंतीवर उघडते. बुकिंग करताना नाव मात्र 'डिलक्स'च दिसतं.

आम्ही हौसेनं बाल्कनीवाली घेतली. पोचलो शुक्रवारी. तळ्याभोवतीचे रस्ते शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत गाड्यांना बंद असतात, हे वाचलं होतं. म्हटलं, चला, शांतता. कसची शांतता बाप्पा! अख्खं गाव पायी तिथंच, गाणी, स्पीकर, आणि तिकडच्या सगळ्या स्कूटरी आमच्या गल्लीत. सासूबाई रात्री दोनला उठून बसल्या. म्हणाल्या, "गणपती विसर्जन आहे का गं इथं?"

सकाळी मागची खोली मागितली. रिसेप्शनवरच्या पोरीनं मोबाइलवर भाषांतर करत करत अर्ध्या तासात बदलून दिली. तीच पोर दुपारी यांच्या मागे धावत आली. यांनी बॅगवाल्याला बक्षीस म्हणून 20,000 डोंगऐवजी 500,000 ची नोट दिली होती, दोन्ही निळ्या! मोठ्या हॉटेलात हे कोणाच्या ध्यानात आलं असतं?

लिफ्टचं तेवढं विचाराच. आमच्याकडे होती, पण पहिल्या मजल्यापासून. तिथवर अकरा पायऱ्या, तीही शिडीसारख्या उभ्या. सासूबाईंनी रोज मोजल्या.

बाथरूममध्ये जेट स्प्रे होता, हे आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहिते.

आणि सासूबाई इतवारीत वाढलेल्या, त्यांना तो भाग लगेच कळला. आपल्याकडे सराफा ओळ, लोहा ओळ, किराणा ओळ, तसं तिकडे बऱ्याच गल्ल्यांच्या नावात 'हांग', म्हणजे माल. हांग बाक चांदीची, हांग गाई आता रेशमाची. दुसऱ्या दिवसापासून आम्हाला वाट त्याच दाखवत होत्या.

तर्रीपोहे:
काकू, जबरदस्त! आईच्या जेवणाचं काय केलंत?

ओंकारनगरची काकू:
शाकाहारीला तिकडे 'चाय' म्हणतात, आपल्या चहासारखंच ऐकू येतं. पाटीवर हा शब्द दिसला की आत शिरायचं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिकडचेही बरेच लोक मांस खात नाहीत. पण हॉटेलच्या नाश्त्यातला 'व्हेज' फो, म्हणजे तिकडचं नूडल्सचं सूप, विचारल्याशिवाय घेऊ नका. वर भाजी असली तरी खाली रस्सा हाडांचा असू शकतो, आणि माशाचा सॉस तर कशातही पडतो. हनोईची ती फेसाळ कॉफी अंड्याच्या बलकाची असते. यांनी दोन कप संपवल्यावर विचारलं. आमच्याकडे त्यावर अजून बोलत नाहीत. सोबत चिवडा आणि दशम्या न्या.

बर्डीवाला:
ई-व्हिसा सरकारी साइटवरूनच काढा, एका प्रवेशाचा 25 डॉलर. पासपोर्टावर नाव जसं आहे तसंच भरा, वडिलांच्या नावासकट. नागपूरहून थेट विमान नाही, तेव्हा मधल्या थांब्याला हाताशी भरपूर वेळ ठेवा. आणि चेक-इनला हॉटेलवाले पासपोर्ट मागतात, परदेशी पाहुण्यांची पोलिसांकडे नोंद करावी लागते म्हणून. बाबा घाबरले तर आधीच सांगून ठेवा.

तर्रीपोहे:
आभार सगळ्यांचे. हॉटेलला मेल टाकला: मागची खोली हवी, लिफ्ट कुठून सुरू होते, खिडकी कुठे उघडते? उत्तर आलं. लिफ्ट तळमजल्यापासून, फोटोही पाठवला. खिडकीबद्दल काही लिहिलं नाही.

ओंकारनगरची काकू:
लिहिलं नाही म्हणजे मधली आहे. पुन्हा विचारा.